डांबर पडेपर्यंतचा रस्ता

घोटीला थांबणारा माणूस बहुधा घोटीसाठी आलेला नसतो. मुंबईहून नाशिकला जाणारा चहापुरता थांबतो, शिर्डीला जाणारा सिन्नरच्या रस्त्याला वळतो, कळसूबाई चढायला आलेली पोरे पाठीवरच्या पिशव्या सावरत भंडारदऱ्याच्या गाडीची चौकशी करतात. आम्हा घोटीकरांना याची सवय झाली आहे. आमच्याकडे भाताच्या गिरण्या आहेत, जनावरांचा बाजार आहे, महामार्ग आहे, रेल्वे स्टेशन आहे. पण पाहुण्याला हात धरून नेऊन ‘हे बघा’ म्हणावे असे गावात काय आहे, हा प्रश्न आम्हालाही कधी पडला नव्हता.

तो पडला २०२५ च्या पावसाळ्यानंतर. नाशिकची आणि आमच्या भागातली काही सायकलवेडी पोरे आमच्याकडे आली. त्यांना घोटीपासून निघून घोटीलाच परत येणारी एक शर्यत भरवायची होती. डांबरी रस्ता शक्यतो टाळायचा, मुरमाच्या, खडीच्या, बैलगाडीच्या वाटेने जायचे, अशी तिची अट. नकाशा त्यांनी मोबाइलवर तयार केला होता. चढ किती, उतार किती, पाणी कुठे द्यायचे, सगळे त्यात होते. आमच्याकडून त्यांना एवढेच हवे होते : ‘चाचा, वाटेवरच्या प्रेक्षणीय आणि ऐतिहासिक स्थळांची माहिती लिहून द्या. प्रत्येकी चार ओळी. माहितीपत्रकात छापू.’

आम्ही म्हणजे तिघे. एक हे लिहिणारा, एक निवृत्त शिक्षक, आणि एक सायकलचे दुकान चालवणारा आमचा आतेभाऊ. तिघेही साठीच्या आसपास. चार ओळी घरबसल्या लिहिता आल्या असत्या. पण आतेभाऊ म्हणाला, ‘रस्ता न बघता लिहायचं म्हणजे मुलगी न बघता लग्न ठरवण्यासारखं.’ म्हणून फजरच्या नमाजनंतर निघायचे, जमेल तेवढे सायकलवर, जमणार नाही तिथे सायकल हातात धरून जायचे, असे तीन रविवार आम्ही केले. शर्यतीत पोरे जे एका दिवसात करणार, त्याला आम्हाला तीन लागले.

ही मुरमावरची शर्यत म्हणजे काय, हे आधी वाचकांना सांगितले पाहिजे. जगात तिचे मोठे पेव फुटले आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाच्या गावी २००६ पासून अशी एक शर्यत होते. तिचे मुख्य अंतर दोनशे मैल, म्हणजे तीनशे वीस किलोमीटरच्या आसपास, आणि रस्ता गारगोटीच्या टेकड्यांमधला. सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा भरवली. त्याच इटलीतील टस्कनी प्रांतात पांढऱ्या मातीचे जुने रस्ते आहेत. ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ साली काही लोकांनी तिथे जुन्या सायकलींची फेरी सुरू केली. पुढे २००७ पासून व्यावसायिक सायकलपटूंची शर्यतही त्या रस्त्यांवर होऊ लागली. कच्चा रस्ता हा तिथे वारसा ठरला. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो आमच्या अंगावर येणार आहे.

नाशिकला सायकलचे वेड नवे नाही. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत होणारी जी प्रसिद्ध शर्यत आहे, ती २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात, नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. तेव्हापासून पहाटे महामार्गाच्या कडेने हेल्मेट घातलेले डॉक्टर, वकील, व्यापारी दिसू लागले. त्यांच्या सायकलीची किंमत ऐकून आमचा आतेभाऊ पहिल्यांदा हसला आणि मग गप्प झाला. त्याच्या वडिलांनी त्याच दुकानात चार आण्याला पंक्चर काढले होते. आमच्या समाजाला ‘पंक्चरवाले’ म्हणून हिणवण्याची एक रीत अलीकडे रूढ झाली आहे. आतेभाऊ त्यावर भांडत नाही. तो म्हणतो, ‘ज्याचं चाक वाटेत बसलंय, त्याला विचार पंक्चरवाला काय असतो.’

आता खरी गोष्ट. पोरांचा नकाशा आम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो रस्ता आम्हाला अगोदरच पाठ असल्याचे लक्षात आले. आमचे अब्बा मणियार. बांगड्यांची पेटी सायकलच्या मागच्या कॅरिअरला बांधून ते याच वाटांनी फेरी करायचे. कावनई, तळ्याकाठच्या वाड्या, भावलीकडची खोरी, बारीपर्यंतचा पट्टा. केवळ तेच नव्हेत. अत्तार, तांबोळी, बागवान, थंडीत गाद्या पिंजणारे पिंजारी, सगळ्यांच्या फेऱ्या ठरलेल्या. कुठल्या वाडीला कुठल्या महिन्यात भात हाती येतो, कुठे नागली, कुठे वरई, कुठे खुरासणी, हे त्यांना तलाठ्यापेक्षा जास्त ठाऊक असे. पैशाऐवजी धान्य घेतले जाई. लग्नाचा चुडा भरताना मणियार घरचाच माणूस. त्याला नवरीच्या आईचे डोळे भरलेले दिसत आणि तो मान खाली घालून काम करीत राही.

त्या वाटांवर अब्बांना काय दिसत होते? किल्ले दिसत नव्हते असे कसे म्हणावे, डोळ्यांसमोरच होते. पण घरी येऊन ते सांगत ते वेगळेच. कुठल्या विहिरीचे पाणी गोड, कुठल्या वडाखाली दुपारची झोप लागते, कुठल्या ओढ्यात चाक रुतते. आणि रोज रात्री एक हिशेब होई. पेटी उघडून फुटलेल्या बांगड्या बाजूला काढायच्या. मुरमाच्या रस्त्यावर प्रत्येक हिसक्याला काच जाई. अम्मी ते तुकडे मोजत. अब्बा म्हणत, ‘सडक अच्छी हो, तो आधी रोजी बच जाए.’ मुरूम हा आमच्या घरात नुकसानीचा शब्द होता.

तर अशा घरातल्या माणसाला मुरमाच्या रस्त्याची शोभा लिहायला सांगितली गेली.

पहिला रविवार कावनई आणि वैतरणेचा. कावनईला कपिलधारा तीर्थ आहे, मागे किल्ला आहे. उंचीने फार नाही, पण कडा उभा. १७६० मधील उदगीरच्या लढाईनंतर निजामाकडून पेशव्यांना जे किल्ले मिळाले त्यांत कावनई होता. १८१८ साली त्र्यंबकचा किल्ला पडला आणि त्याच्या पाठोपाठ या भागातले कितीतरी किल्ले एकामागून एक इंग्रजांच्या स्वाधीन झाले. कावनई त्यांतही होता. निजामशाही, मोगल, निजाम, पेशवे, इंग्रज, अशा पाच-पाच सत्ता ज्या कड्यांनी पाहिल्या, त्यांच्या पायथ्याची भातखाचरे मात्र बांधाच्या त्याच वळणांनी तशीच आहेत. मोगलांनी नाशिकला गुलशनाबाद म्हटले. बागांचे शहर ते शहरच; त्याचा तांदूळ मात्र या चिखलातून जायचा.

वैतरणेचे धरण १९७३ चे. अथांग पाणी, मधे उंचवटे, पलीकडे त्र्यंबकचे डोंगर. सायकल लावून आम्ही काठावर वजू केला आणि तिथेच जोहरची नमाज पढली. शिक्षकमित्राने इथे भूगोलाचा धडा घेतला. या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका उताराला पडलेला थेंब वैतरणेतून अरबी समुद्राकडे जातो. दुसऱ्या उताराला पडलेला दारणेतून गोदावरीला, तिथून पैठणच्या जायकवाडीला, आणि वाचला तर बंगालच्या उपसागराला. वैतरणेचे हे पाणी मोडकसागरमार्गे मुंबईच्या नळाला येते. म्हणजे मुंबईचा माणूस घोटीला चहा पितो तेव्हा तो आपल्याच पाण्याच्या उगमाशी उभा असतो. आणि याच तालुक्यातल्या वाड्यांमधून एप्रिल-मे महिन्यात बाया हंडे घेऊन उतार उतरतात. हे काही आम्ही शोधून काढलेले नाही, दरवर्षी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. पण ‘प्रेक्षणीय स्थळ : वैतरणा जलाशय’ अशी ओळ लिहिताना ते छायाचित्र नजरेसमोरून जाईना.

दुसरा रविवार त्रिंगलवाडी आणि इगतपुरी. त्रिंगलवाडीच्या वाटेवर आधी तळे लागते, मग वाडी, मग पायथ्याला जैन लेणे. दाराच्या चौकटीवरचे कोरीवकाम आजही हाताला जाणवते. आत ऋषभनाथांची मूर्ती आहे, भंगलेली, आणि तिच्यापाशी इसवी सन १३४४ चा लेख आहे. तो काळ दिल्लीत मुहंमद तुघलकाचा. दौलताबादेला राजधानी हलवण्याचा त्याचा खटाटोप होऊन गेला होता, आणि तीन वर्षांनी, १३४७ साली, दख्खनेत बहमनी राज्य उभे राहायचे होते. एवढ्या उलथापालथीत या आडबाजूच्या डोंगरात कुणीतरी शांतपणे दगड कोरवून घेतो आणि खाली तिथी घालतो, याचे आम्हाला फार वाटले. वर किल्ल्याचा दरवाजा आणि पायऱ्या कातळातच खोदलेल्या आहेत, शेजारी मारुती कोरला आहे. पोरांच्या पत्रकासाठी ही जागा सगळ्यात सोपी. चार काय, चाळीस ओळी होतील.

इगतपुरीचे खरे स्मारक मात्र रूळ आहेत. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली सुटली. पण या बाजूने सह्याद्री ओलांडायला अजून बारा वर्षे जावी लागली. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंतचा थळ घाट १ जानेवारी १८६५ रोजी रेल्वेला खुला झाला. चढ असा की सदतीस फुटांना एक फूट उंची. आजही मालगाडीला मागून जादा इंजिने लावून ढकलावे लागते. मुख्य अभियंता जेम्स बर्कली १८६२ सालीच वारला, घाट पुरा झालेला त्याने पाहिला नाही. त्याचे नाव तरी इतिहासात राहिले. बोगदे ज्यांनी फोडले, एहेगावच्या दरीवरील पुलाचे दगड ज्यांनी रचले, त्या बायाबापड्यांच्या नावाची एकही शिळा आम्हाला दिसली नाही. पूल दाखवताना त्यांची आठवण करावी, एवढे आम्ही पत्रकात आग्रहाने घातले.

तिसऱ्या रविवारी रस्ता भावलीच्या धरणावरून डोंगरांच्या पोटात शिरतो. इथून पुढे लिहिणाऱ्याची लेखणी आपोआप सैल सुटते. समोर अलंग, मदन, कुलंग ही तीन शिखरे खांद्याला खांदा लावून उभी. त्यांच्या पूर्वेला कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रात हिच्यापेक्षा उंच जागा नाही. खुरासणीच्या पिवळ्या फुलांचे वाफे उतरत खाली येतात. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांची हद्द इथे डोंगराच्या माथ्यावरून जाते. पायथ्याच्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांचे सोयरेसंबंध मात्र ही हद्द मोजत नाहीत. इंग्रजांविरुद्ध उठलेला राघोजी भांगरे अकोले तालुक्यातल्या देवगावचा, याच डोंगरांचा. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिले. सावकारांच्या वह्यांवर त्याचा राग होता. आमच्या फेरीवाल्यांच्या वहीत उधारी लिहिलेली असे. पण जप्ती कधी नसे, ही गोष्ट अब्बा अभिमानाने सांगत.

आणखी पुढे भंडारदऱ्याचे धरण आहे, प्रवरेवरचे, १९२६ चे. शर्यत तिथवर जात नाही, बारीहून फिरते. परतीच्या बाजूला टाकेद, जिथे जटायूची कथा सांगतात. आणि लांबवर पट्ट्याचा किल्ला. १६७९ साली जालन्याच्या मोहिमेवरून परतताना शिवाजी महाराजांनी तिथे विश्रांती घेतली, म्हणून त्याचे नाव विश्रामगड. त्यांना आडवाटेने इथवर आणणारा बहिर्जी नाईक होता, असे इतिहास सांगतो. मुरमाच्या वाटा ज्याला पाठ आहेत, तो माणूस केव्हा कामी येईल सांगता येत नाही.

कुलंगच्या बाजूच्या एका वाडीच्या चढावर आम्ही सायकली हातात धरून चाललो होतो. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी समोरून आली. थांबली, आमच्या हातातला कागद पाहिला आणि म्हणाली, ‘सरकारी हाये का रं बाबा तुम्ही? रस्ता मोजाया आले?’

आम्ही म्हटले, ‘नाही आजी. इथून सायकलींची शर्यत जाणार आहे.’

‘मग डांबर पडंल ना?’

आमच्यापैकी कुणालाच चटकन उत्तर देता आले नाही. शेवटी शिक्षकमित्राने खरे ते सांगितले, की शर्यतीला कच्चाच रस्ता लागतो. म्हातारी आमच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘कच्चा रस्ता पाहिजे म्हनून इतक्या लांबून येत्यात?’ त्यात टोमणा नव्हता. तिला ते खरोखरच समजले नव्हते. मोळी सावरून ती उतारानं निघून गेली.

२०२३ च्या पावसाळ्यात आमच्याच तालुक्यातल्या एका वाडीतून एका गरोदर बाईला झोळीत घालून मुख्य रस्त्यापर्यंत न्यावे लागले. ती वाचली नाही. बातमी मोठी झाली, पुढारी येऊन गेले. त्या बातमीतला रस्ता आणि आमच्या नकाशातला रस्ता एकच नसेल, पण जात एकच आहे. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा, आणि हिवाळ्याचे चार महिने शहरातल्या सायकलवाल्याला हवाहवासा वाटणारा कोरडा, लाल, करकरणारा मुरूम.

दुसरीकडे पाहा. याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. मार्च २०२४ मध्ये भरवीर ते इगतपुरीचा टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा, आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. इगतपुरीजवळ त्यावर सुमारे आठ किलोमीटरचा जोडबोगदा आहे. ज्या घाटासाठी रेल्वेला वर्षे लागली, तो आता मोटारीतून काही मिनिटांत पार होतो. त्या रस्त्यावर सायकलला मज्जाव आहे, मोटारसायकललाही. वाडीतला माणूस तो रस्ता वरून पाहतो. रात्री दिव्यांची ओळ फार सुंदर दिसते म्हणतात. आता हेही प्रेक्षणीय स्थळात धरायचे काय?

पोरांशी आम्ही बोललो. पोरे वाईट नाहीत. त्यांच्यातील एकाने टस्कनीचे उदाहरण दिले. कच्चे रस्ते राखले तर पर्यटक येतील, वाड्यांत घरगुती जेवण विकले जाईल, चार पैसे येतील. त्यात तथ्य आहे. पण टस्कनीत कच्चा रस्ता राखायचा की नाही हे ठरवणाऱ्याच्या घरी दुसरा पक्का रस्ता जातो, त्याच्या दवाखान्याचे अंतर ठरलेले असते. आमच्या वाडीला एकच रस्ता. तिथे वारसा म्हणून मुरूम राखा म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या उपाशीपणाला रोजा म्हणण्यासारखे आहे. रोजा आपल्या मर्जीचा असतो, इफ्तारची वेळ ठरलेली असते.

हे ऐकून पोरे जरा हिरमुसली. मग त्यांच्यातल्या एका मुलीने विचारले, ‘मग काय करू चाचा, शर्यत रद्द करू?’ आम्ही म्हटले, मुळीच नाही. आमच्या अब्बांची सायकल जिथे जात होती, तिथे पुन्हा सायकली जाणार, तर आम्हाला आनंदच आहे. फक्त काही गोष्टी करा. आवणीच्या दिवसांत येऊ नका, तेव्हा प्रत्येक हात चिखलात असतो. सोंगणी-मळणी चालू असतानाही नको. खळ्यावर भात पसरलेला असतो. हंड्यांच्या वाटेवरून चाके नेऊ नका, ती वाट नकाशातून काढा, दोन किलोमीटर वाढले तरी चालतील. पाण्याच्या बाटल्या गोळा करून परत न्या. पंक्चर काढायला वाड्यांतली दोन पोरे शिकवून तयार करा, आमचा आतेभाऊ फुकट शिकवील. आणि शर्यतीच्या आधी ग्रामपंचायतीकडून रस्त्याच्या मागणीचा अर्ज घ्या, त्यावर तुमच्या डॉक्टर-वकिलांच्या सह्या घाला आणि जिल्हा परिषदेला द्या. एवढे शिकलेले लोक एका कच्च्या रस्त्यावरून जातात आणि त्याच्याविषयी एक कागदही लिहीत नाहीत, असे होऊ देऊ नका.

‘पण मग रस्ता डांबरी झाला तर?’ मुलीने विचारले.

आतेभावाने उत्तर दिले, ‘तर पुढच्या वर्षी दुसरी वाट धरा. या तालुक्यात कच्च्या वाटांचा दुष्काळ पडायला अजून वेळ आहे.’

पोरांनी वेळ डिसेंबरच्या शेवटाकडे नेली, हंड्यांची वाट वगळली. अर्जाचे कागद फिरत आहेत. सह्या बऱ्याच झाल्या आहेत.

आम्ही आमच्या ओळी लिहून दिल्या. कावनई, वैतरणा, त्रिंगलवाडी, थळ घाट, भावली, कुलंग, कळसूबाई, टाकेद, विश्रामगड. प्रत्येकी चार ओळी, सनांसह. दहावे स्थळ आम्ही आमच्या मनाने घातले. ते असे : ‘कुलंगकडील चढ. लांबी थोडी, चढ तीव्र, पृष्ठभाग सुटा मुरूम. या वाटेवरून पूर्वी मणियार, अत्तार, पिंजारी यांच्या सायकली जात. आता वाडीतील माणसे दवाखान्याला, मुले शाळेला जातात. सायकलस्वारांनी डाव्या बाजूने चालावे आणि समोरून येणाऱ्याला वाट द्यावी. हा रस्ता लवकरच डांबरी व्हावा अशी इच्छा आहे.’